डबा दुपारी नको, संध्याकाळी मोजा

वाचकाचं पत्र:

"मी ३९ वर्षांची आहे. हिशेब विभागात काम करते, दिवसभर खुर्चीत. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सात-आठ किलो वजन कमी करायला सांगितलं, तेव्हापासून दुपारचा डबा एकदम हलका केला. एक काकडी, एक टोमॅटो, एक सफरचंद. बस्स. सुरुवातीला छान वाटलं. आता साडेचार वाजले की डोकं चालेनासं होतं आणि हात आपोआप बिस्किटांच्या डब्याकडे जातो. घरी पोचल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधीच स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हाताला लागेल ते खाते. दीड किलो उतरलं होतं, ते परत चढलं. घरचे म्हणतात, तुझा मनावर ताबाच नाही. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. आठला घरून निघते, एकला जेवते. ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, फ्रीज नाही. सकाळी फुरसत नसते. डब्यात काय नेऊ? आणि रोज कुणी ना कुणी काहीतरी गोड आणतं, त्याचं काय करू?"

उत्तर:

डब्याचं नंतर बोलू, आधी ताब्याचं. चार महिने रोज काकडी-टोमॅटोवर दुपार काढणारी बाई कमकुवत मनाची नसते. तुमचा निग्रह भरपूर आहे, फक्त तो चुकीच्या जागी खर्च होतोय. एक वाजता तुम्ही तो वापरून टाकता आणि साडेचारला जेव्हा खरी गरज पडते, तेव्हा समोर बिस्किटं असतात आणि पोटात काही नसतं.

तुमच्या डब्याचा हिशेब मांडून बघू, हिशेब तुमच्याच हातचा आहे. दीडशे ग्रॅमची काकडी म्हणजे २०-२५ कॅलरी. शंभर ग्रॅमचा टोमॅटो १८ कॅलरी. मध्यम आकाराचं सफरचंद ९५ च्या आसपास. सगळं मिळून दीडशे कॅलरीसुद्धा होत नाहीत आणि प्रथिनं तर तीन ग्रॅमच्या आतच. वजन करून पाहिलं तर डबा चारशे ग्रॅमच्या वर भरतो, म्हणून खाताना जेवल्यासारखं वाटतं. पण काकडीत ९५ टक्के पाणी. ते पोटातून लवकर पुढे सरकतं, आणि साडेचारला तुमचं शरीर जे मागतं ते न्याय्यच मागतं.

आता दुसरी बाजू. क्रीमची सहा बिस्किटं म्हणजे साधारण तीनशे कॅलरी. घरी आल्यावर उभ्या उभ्या पन्नास ग्रॅम खारे दाणे खाल्ले तर पावणेतीनशेच्या पुढे. दुपारी वाचवलेलं सगळं संध्याकाळी गेलं, वर थोडं जास्तच गेलं, आणि तरीही नीट जेवल्याचं समाधान नाही. म्हणून माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे की डबा कमी कॅलरीचा झाला का हे एक वाजता बघू नका. रात्रीच्या जेवणाला बसताना बघा. साडेचारशे-पाचशे कॅलरींचा डबा, जो तुम्हाला शांतपणे सात-आठ वाजेपर्यंत नेतो, तो दीडशे कॅलरींच्या डब्यापेक्षा दिवसाच्या शेवटी कमी कॅलरींचा ठरतो.

भूक आणि चारित्र्य यांची सरमिसळ करणाऱ्या घरच्यांना एक जुना प्रयोग सांगा. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी. ही सगळी स्वतःहून आलेली, ध्येयानं भारलेली मुलं होती. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून त्यांनी हा त्रास पत्करला होता. तरीही काही आठवड्यांत त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विषय राहिना. ती चिडचिडी झाली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, काहींनी चोरून खाल्लं. तुमची अवस्था त्यांच्याइतकी बिकट नाही, हे उघड आहे. पण उपाशी शरीर मनाला खाण्याकडे ओढतं, ही यंत्रणा सगळ्यांत सारखीच असते. तिला दुबळेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. स्वतःला तसं म्हणणं आजपासून थांबवा.

आता डब्याकडे. मी डबा भरताना चार गोष्टी बघते, आणि त्यांतली पहिली प्रथिनं. तुमच्या डब्यात तीच नाहीत. दुपारच्या जेवणात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असावीत असं धरून चला. एका अंड्यात सहा ग्रॅम. शिजवलेल्या मसुरात शंभर ग्रॅममागे नऊ, शिजवलेल्या काबुली हरभऱ्यात सुमारे नऊ, शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या तुकड्यात तीसच्या आसपास. दह्यात साडेतीन-चार, म्हणून दही चांगलं असलं तरी एकट्या दह्यावर भागत नाही. दुसरी गोष्ट फायबर. डाळी-कडधान्यांत ते प्रथिनांसोबतच येतं, म्हणून कमी कॅलरीच्या डब्यासाठी मला त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही वाटत नाही. शिजवलेल्या मसुराच्या शंभर ग्रॅममध्ये आठेक ग्रॅम फायबर असतं आणि कॅलरी ११५-१२०. स्वस्त, टिकाऊ, गोठवता येणारं. तिसरी गोष्ट पाणी भरलेल्या भाज्या, म्हणजे तुम्ही आता नेता त्याच. त्या काढू नका. अर्धा डबा त्यांचाच राहू द्या, फक्त त्यांना सोबत द्या. आणि चौथी, थोडा भात, पोळी, पाव किंवा बटाटा. बहुतेकजण आधी हेच काढून टाकतात आणि मग संध्याकाळी गोडाकडे धावतात.

बटाट्याबद्दल विशेष सांगायचं आहे, कारण त्याच्यावर विनाकारण फार राग धरला जातो. १९९५ साली सिडनी विद्यापीठात एक पाहणी झाली. ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा भाग लोकांना दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं हे दर पंधरा मिनिटांनी विचारलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेला बटाटा ३२३ गुण घेऊन पहिला आला. शेवटचा नंबर क्रॉसाँचा, ४७. क्रॉसाँ म्हणजे मैद्याचा, भरपूर लोणी घालून भाजलेला पदार्थ. कॅलरी दोन्हींत तेवढ्याच, पण पोट भरवण्यात सातपट फरक. पाहणी लहान होती आणि दोन तासांपुरतीच होती, तेव्हा तिच्यावरून सगळं आयुष्य ठरवू नये. पण कोणत्या अन्नात कमी कॅलरीत जास्त पोट भरतं याचा अंदाज त्यातून चांगला येतो. पाणी, फायबर, प्रथिनं जास्त असलेले पदार्थ वर आले. तेल-तूप-साखरेनं दाट झालेले खाली गेले. उकडलेला बटाटा तुमचा शत्रू नाही. तळलेला असेल तर वेगळी गोष्ट.

यावरून तेलावर येऊ, कारण डब्यातल्या कॅलरी सगळ्यांत जास्त इथेच लपतात. एक ग्रॅम प्रथिन किंवा कर्बोदक म्हणजे चार कॅलरी. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ, मग ते कोणतंही असो, कितीही शुद्ध आणि महागडं असो. एक मोठा चमचा तेल सुमारे १२० कॅलरी, म्हणजे तुमच्या आत्ताच्या जवळजवळ अख्ख्या डब्याएवढं. बाटली सरळ सॅलडवर किंवा कढईत उपडी केली की दोन मोठे चमचे कधी पडतात ते कळतसुद्धा नाही. मेयोनेजच्या एका मोठ्या चमच्यात नव्वद-शंभर कॅलरी. म्हणून सॅलड खाऊनही वजन हलत नाही असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, वरून काय घालता? तेल बंद करू नका. थोडं तेल असलं की भाजीतली काही जीवनसत्त्वं अंगी लागतात आणि जेवणाला चव राहते. फक्त बाटलीतून ओतायचं नाही. छोट्या चमच्यानं मोजायचं. एका माणसाच्या डब्याला एक छोटा चमचा, साधारण चाळीस कॅलरी. बाकीची चव लिंबाचा रस, मिरपूड, लसूण, आलं, ताजी कोथिंबीर-पुदिना, मोहरीची पूड, घुसळलेलं दही यांतून आणा. या सगळ्यांच्या कॅलरी नगण्य आहेत. मीठ मात्र हात राखून; दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि चव कमी पडली की आपण आधी मीठच वाढवतो.

तुमच्यासाठी काही डबे मांडते. पहिला, थंड: शिजवलेले काबुली हरभरे दीडशे ग्रॅम, काकडी-टोमॅटो-गाजर-ढोबळी मिरची मिळून दोनशे ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, शंभर ग्रॅम दही, एक छोटा चमचा तेल, लिंबू. हे साधारण ४७० ते ४८० कॅलरींत बसतं, प्रथिनं चोवीसच्या आसपास. वजन अर्धा किलो. खाऊन संपवायला वीस मिनिटं लागतात, आणि ती लागायलाच हवीत. दुसरा, गरम: दीडशे ग्रॅम शिजलेला भात (कच्चा तांदूळ जेमतेम पन्नास ग्रॅम), दोनशे ग्रॅम घट्ट शिजवलेली मसूर डाळ, आणि एक छोटा चमचा तेलात परतलेली कोबी-गाजर-फरसबी. पाचशेच्या थोडं वर, प्रथिनं पुन्हा चोवीसच्या जवळ. इथे प्रमाणाकडे लक्ष द्या. नेहमीच्या ताटात भात जास्त आणि डाळ वर ओतण्यापुरती असते. डब्यात हे उलटं करायचं. तिसरा: दोनशे ग्रॅम उकडलेला बटाटा, दोन अंडी, मूठभर उकडलेली फरसबी, दह्यात मोहरीची पूड आणि लसूण घालून केलेलं मिश्रण. चारशेच्या आसपास. मांसाहार करत असाल तर कोणत्याही डब्यात शंभर ग्रॅम शिजवलेलं चिकन किंवा मासा घाला आणि कडधान्य निम्मं करा. अंडीही खात नसाल तर अंड्याच्या जागी टोफू किंवा शिजवलेले सोयाबीन चालतील.

आकड्यांच्या मागे फार लागू नका. सुरुवातीला आठवडाभर वजनकाटा वापरा, तेवढ्यात दीडशे ग्रॅम हरभरे वाटीत किती दिसतात हे डोळ्यांना कळतं. मग काटा कपाटात ठेवा.

हिवाळ्यात, किंवा रोज तेच सॅलड नको झालं की, सूप न्या. १९९९ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या चमूनं बायकांना जेवणाआधी एकच पदार्थ तीन प्रकारे दिला: नुसता, सोबत पेलाभर पाण्यासह, आणि तेच पाणी त्यातच शिजवून सूप करून. सूप प्यायलेल्यांनी नंतरच्या जेवणात सुमारे शंभर कॅलरी कमी खाल्ल्या. सोबत पाणी पिण्याचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे पाणी अन्नात शिजलेलं असेल तर पोट त्याला अन्न मानतं. डाळ आणि भाज्यांचं दाट सूप, त्यात थोडे अख्खे दाणे चावायला सोडलेले, हा डबा एकट्यानं पुरेसा आहे. मलईचं सूप मात्र नको, तिथे पुन्हा सगळा हिशेब स्निग्धांशाचा होतो.

सकाळी वेळ नसतो म्हणता, तर सकाळी काही करूच नका. आठवड्यातून एकदा तीनशे ग्रॅम कोरडं कडधान्य रात्रभर भिजवून शिजवा. शिजून ते सव्वादोन-अडीच पट होतं, म्हणजे चार-पाच डब्यांची सोय. निथळून दीडशे-दीडशे ग्रॅमच्या पुड्या करा. तीन दिवसांच्या फ्रीजमध्ये, बाकीच्या फ्रीजरमध्ये. चार-पाच अंडी उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकतात. राजमा करणार असाल तर भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात खळाखळा उकळी आणून पूर्ण मऊ शिजवा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यानं उलट्या-जुलाब होतात, आणि मंद आचेवर नुसता कोमट राहिला तर त्रास वाढू शकतो. भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या करून ठेवा. रात्री भांडी आवरता आवरता डबा भरून टाका. काकडी-टोमॅटोला मीठ आणि लिंबू लावून ठेवू नका, मिठानं पाणी सुटतं आणि एक वाजता लगदा हाती येतो. ते मिश्रण छोट्या बाटलीत वेगळं न्या आणि खाताना घाला. कडधान्य तळाला, कडक भाज्या त्यावर, पानं सगळ्यांत वर.

फ्रीज नाही हा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. आठ ते एक म्हणजे पाच तास. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात, आणि पिशवीतला कोमट डबा बरोबर त्याच पट्ट्यात बसलेला असतो. तेव्हा डबा एकतर खरोखर गरम हवा किंवा खरोखर थंड. गरम न्यायचा तर चांगला थर्मास-डबा घ्या, भरण्याआधी त्यात उकळतं पाणी ओतून पाचदहा मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून टाका आणि अन्न वाफाळतं असतानाच भरा. काठोकाठ भरलेला डबा अर्धवट भरलेल्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतो. एक वाजता उघडल्यावर वाफ आली पाहिजे. कोमट निघत असेल तर तो डबा या कामाचा नाही. थंड न्यायचा तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेला डबा उष्णतारोधक पिशवीत, दोन्ही बाजूंनी बर्फाच्या थैल्या लावून. थैली नसेल तर पाण्याची छोटी बाटली गोठवून लावा, दुपारी तेच पाणी प्यायला होतं.

भाताची काळजी जास्त घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये कितीही तापवलं तरी ते जात नाही. रात्रीचा भात नेणार असाल तर शिजल्यावर पसरट ताटात पसरून लवकर निववा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा, आणि मधला प्रवास बर्फासोबतच होऊ द्या. ऑफिसात तापवताना मध्ये एकदा ढवळा. मायक्रोवेव्ह कडेला उकळतो आणि मध्यभाग गारच ठेवतो.

यातलं काहीच जमणार नाही अशा दिवसासाठी टेबलाच्या खणात न बिघडणाऱ्या गोष्टी ठेवा: भाजलेले हरभरे, न सोललेली फळं, तीस ग्रॅमच्या पुड्या करून ठेवलेले बदाम. बदामाची पुडी करणं आवश्यक आहे. तीस ग्रॅमला १७० च्या आसपास कॅलरी असतात, आणि मोठ्या बरणीतून खाताना तीस ग्रॅमला कुणीच थांबत नाही. बाजारात मिळणारे डाएट बार आणि डाएट बिस्किटं यांच्यावर मात्र माझा भरवसा नाही. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीसजणांना दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. ताटात ठेवलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, फायबर दोन्हीकडे जुळवलेले होते, खायचं किती ते त्यांच्यावर सोडलं होतं. प्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाल्ल्या.

डबा कुठे बसून खाता ते पत्रात नाही. हिशेबाच्या कामात असाल तर मला शंका आहे की संगणकासमोरच. तिथून उठा. ब्रिस्टल विद्यापीठात २०११ साली काहीजणांना जेवताना संगणकावर पत्त्यांचा खेळ खेळायला लावला, इतरांना नुसतं जेवू दिलं. जेवण सारखंच. खेळणाऱ्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं, आपण काय खाल्लं ते नीट आठवेना, आणि अर्ध्या तासानं त्यांनी बिस्किटंही जास्त खाल्ली. वीस मिनिटं ताळेबंद बंद राहिला तर काही बिघडत नाही.

गोडाचं. रोज येणारं गोड आणि कधीतरी येणारं गोड यांत मी फरक करते. सहकाऱ्याचा वाढदिवस असेल, तिनं प्रेमानं केक कापला असेल, तर एक तुकडा घ्या, तिच्या शेजारी बसून चवीनं खा आणि त्याचा हिशेब मनातून काढून टाका. महिन्यातून दोन-तीन तुकड्यांनी कुणाचं वजन वाढत नाही. रोजच्या बिस्किटांच्या डब्याला मात्र तुमच्या टेबलावरून हलवा. सगळ्यांना विचारा, दूरच्या कपाटात ठेवूया का. तुमच्याइतकाच आनंद आणखी दोघींना होईल, असं मला खात्रीनं वाटतं. कुणी आग्रह केला तर "आत्ताच पोटभर जेवले" म्हणा. नवा डबा सुरू झाल्यावर ते खरंही असेल. वजन कमी करतेय हे सगळ्यांना सांगत बसायची गरज नाही, त्यावर नको असलेली मतं येतात. आणि चहा मोजा. दोन छोटे चमचे साखरेचे चार कप म्हणजे नुसत्या साखरेच्या १२०-१३० कॅलरी. एकदम सोडू नका, दर आठवड्याला पाव चमचा कमी करा.

साडेचारचं खाणंही मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. एक ते आठ हे सात तासांचं अंतर मोठं आहे. साडेचारला एक फळ आणि मूठभर भाजलेले हरभरे ठरवून खा, बसून खा. ठरवून खाल्लेलं दीडशे कॅलरींचं खाणं तुम्हाला घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात उभं राहू देणार नाही.

पहिले दोन आठवडे वजनाकडे बघूच नका. डब्यात अचानक मीठ-पाणी-फायबर बदललं की काटा एक-दीड किलो वरखाली करतो, त्याला अर्थ नसतो. साडेचारला भूक किती आहे हे शून्य ते दहा असं वहीत टाका. आकडा पाचच्या खाली येत नसेल तर डब्यातलं कडधान्य किंवा अंडं वाढवा, न घाबरता वाढवा. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला एकदा, सकाळी, त्याच वेळी वजन करा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम. त्याहून हळू उतरलं तरी चालेल, सात-आठ किलोंना पाच-सहा महिने द्या. आणि कडधान्य एकदम रोज सुरू करू नका. तुमचं पोट सध्या काकडीच्या सवयीचं आहे, पहिल्या आठवड्यात निम्मं प्रमाण ठेवा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर दुपारच्या बैठकीत गॅसनं हैराण व्हाल.

आणखी दोन गोष्टी, त्या डॉक्टरांशी बोलायच्या आहेत. नीट जेवूनही संध्याकाळी थांबता येत नसेल, लपून खावंसं वाटत असेल, खाल्ल्यावर स्वतःचा तिटकारा येत असेल, तर हा प्रश्न डब्यापलीकडचा आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ते सांगताना लाजू नका. दुसरं म्हणजे डॉक्टरांनी वजन कमी करायला का सांगितलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दुपारचं जेवण बदलल्यावर औषधाचं प्रमाणही बदलावं लागू शकतं. तसं असेल तर वरच्या डब्यांचे आकडे कागदावर लिहून त्यांना दाखवा आणि मगच सोमवारपासून सुरू करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तरी तेच. तेव्हा प्रथिनं किती घ्यायची हे मी इथे बसून सांगणं योग्य नाही.